निकाल आणि सनद यांच्या मधले दिवस



जुलैचा पहिला पंधरवडा आला की आपल्या जिल्ह्यातील चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक दिसू लागतात. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, कुठेही जा. मोंढ्याच्या तोंडाशी एखाद्या हसऱ्या मुलाचे वा मुलीचे छायाचित्र, खाली आजोबांपासून मावसभावापर्यंत सर्वांची नावे, आणि त्या मुलाच्या नावाआधी ठळक अक्षरांत 'सीए'. ज्या घराने तीन पिढ्या अडत आणि भुसार मालात काढल्या, त्या घरातील मूल देशातील अतिशय कठीण समजल्या जाणाऱ्या परीक्षेत उत्तीर्ण होते, तेव्हा फलक लागावाच. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र फलकावरील ती दोन अक्षरे त्या दिवशी त्या मुलाची झालेली नसतात, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते.

सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे 'चार्टर्ड अकाउंटंट' हे नामाभिधान केवळ संस्थेच्या सदस्याला वापरता येते. सहाव्या कलमाप्रमाणे, सदस्य झाल्यानंतरही संस्थेचे व्यवसाय प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीओपी म्हणतात, हाती नसेल तर व्यवसाय करता येत नाही. सदस्य नसताना ते बिरुद स्वतःस लावणे हा याच कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होणे, सदस्य होणे आणि व्यवसायाचा अधिकार मिळणे ही तीन वेगवेगळी पावले आहेत. पहिले पाऊल अभ्यासावर अवलंबून असते, पुढली दोन कागदांवर. आणि कागदांच्या बाबतीत आपली व्यापारी घरे, हिशेबात पै-पैचा ताळा लावणारी असूनही, आश्चर्य वाटावे इतकी निष्काळजी असतात.

हा भेद पूर्वी फारसा जाणवत नसे, आता जाणवतो. बँकेच्या नोकरीत माझ्या टेबलावरून लेखापालांचे असंख्य दाखले गेले. कर्जदाराच्या नक्त मालमत्तेचा दाखला, मालसाठ्याचा दाखला, अंतिम लेखे, अंदाजित ताळेबंद. शिक्का व सही पाहायची, सदस्य क्रमांक लिहिला आहे की नाही ते पाहायचे, आणि विश्वास ठेवायचा. सही करणारा खरोखर सदस्य आहे काय, त्याचे प्रमाणपत्र चालू आहे काय, हे शाखेत बसून पडताळण्याचा सुलभ मार्ग नव्हता. सदस्य नसलेल्या माणसांनी शिक्के करून घेऊन दाखले दिल्याची प्रकरणे ठिकठिकाणी उघडकीस आल्यावर संस्थेने १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक दाखल्यावर अठरा अंकी 'यूडीआयएन' अनिवार्य केला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून कर लेखापरीक्षणाला आणि १ जुलैपासून इतर सर्व साक्षांकनाच्या कामांना तो लागू झाला. हा क्रमांक संस्थेच्या पोर्टलवरच तयार होतो आणि ज्याचे पूर्णवेळ व्यवसाय प्रमाणपत्र चालू आहे त्यालाच तयार करता येतो. बँकेचा कारकूनसुद्धा दोन मिनिटांत तो पडताळू शकतो. परिणामी, 'सनद येईल तेव्हा येईल, तोवर काम सुरू करू' ही जुनी सवड आता उरलेली नाही.

सनदेची ही परंपरा फार प्राचीन नव्हे. १९१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाला प्रथमच शासकीय प्रमाणपत्राची अट घातली. १९१८ मध्ये मुंबई सरकारने लेखाकर्मातील शासकीय पदविका सुरू केली; मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी आणि परीक्षा, असा तिचा क्रम होता. १९३२ च्या नियमांनी 'नोंदणीकृत लेखापाल' हा वर्ग आला, आणि १ जुलै १९४९ रोजी आजची संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे सदस्य सुमारे सतराशे होते. आज ते चार लाखांच्या वर आहेत. आपला परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या पेढ्यांवर हाली सिक्का आणि इंग्रजी रुपया असे दोन चलनांचे हिशेब लिहिले जात. सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये हा भाव मुनिमांच्या जिभेवर असे. त्या काळी मुनिमाला सनद लागत नव्हती; पेढीची पत आणि त्याचे अक्षर एवढे पुरे होते. आपल्या समाजाच्या रक्तात हिशेब आहे असे आपण अभिमानाने म्हणतो ते याच परंपरेच्या बळावर. परंतु रक्तातला हिशेब आणि शासनमान्य सही या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी नाव, जन्मतारीख, उमेदवारीचे दिवस हे सर्व एका ओळीत जुळावे लागते.

ते जुळले नाही तर काय होते याचे एक उदाहरण मी गेल्या दोन वर्षांत जवळून पाहिले. संबंधित कुटुंबाच्या संमतीने, नावे वगळून, ते येथे मांडतो.

मुलीचे माहेर सेलूचे, सासर परभणीचे. आर्टिकलशिपची तीन वर्षे तिने संभाजीनगरला काढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये विवाह झाला आणि मे महिन्यात तिने अंतिम परीक्षा दिली. सासरच्यांचे कौतुक असे की घरात नवी सून आल्यावर तीन महिने तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नाही. वरच्या मजल्यावरची खोली अभ्यासासाठी रिकामी करून दिली. ११ जुलैला निकाल लागला. ती दोन्ही गट एकाच वेळी उत्तीर्ण झाली. सासऱ्यांचा नव्या मोंढ्यात पस्तीस वर्षांचा व्यवहार. त्यांनी आठवडाभरात अकरा व्यापाऱ्यांकडे शब्द टाकला की यंदाचे ऑडिट आमच्या सुनेकडे द्या. अकराही जणांनी होकार दिला. कर लेखापरीक्षणाची मुदत ३० सप्टेंबर. हातात अडीच महिने. सगळ्यांना ते पुरेसे वाटले.

सदस्यत्वाचा अर्ज म्हणजे फॉर्म २ आणि व्यवसाय प्रमाणपत्राचा अर्ज म्हणजे फॉर्म ६. दोन्ही ऑनलाइन भरता येतात, एकाच वेळी भरता येतात. तिने जुलैअखेर भरले. ऑगस्टच्या मध्यास आक्षेप आला: ओळखपत्रावरील नाव आणि विद्यार्थी म्हणून नोंदलेले नाव जुळत नाही.

ही विसंगती कशी उद्भवली ते पाहण्यासारखे आहे, कारण ती आपल्या शंभरातील अनेक घरांत आजही दबा धरून बसलेली आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर तिचे आडनाव माहेरचे, गोत्राचे. आपल्याकडे शाळेत पाटणी, काला, सेठी, संचेती, मुथा अशी आडनावे लावण्याची चाल. संस्थेने विद्यार्थी म्हणून नोंद करताना तेच नाव घेतले. विवाहानंतर बँकेत संयुक्त खाते उघडायचे म्हणून घाईने आधार बदलले, त्यावर पतीचे नाव आणि आडनाव 'जैन'. सासरच्या घरात आधारकार्डावर सर्वांचे आडनाव 'जैन' असले तरी शाळेच्या दाखल्यावर ते गोत्राचेच आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने आपल्या समाजाला राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, त्याच्या आगेमागे कित्येक घरांनी आपल्या नावापुढे 'जैन' लावण्यास आरंभ केला. हेतू चांगलाच होता. पण कुणी आधारवर लावले, कुणी पॅनवर, कुणी केवळ दुकानाच्या पाटीवर. जन्मदाखला आणि गुणपत्रिका जिथल्या तिथे राहिल्या. एका घरातील तीन भावांची तीन आडनावे मी कर्जाच्या फाइलमध्ये पाहिली आहेत. व्यापारात ते खपून जाते, कारण समोरचा माणूस ओळखतो. संगणक ओळखत नाही.

नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडावे, असे ठरले. तेव्हा लक्षात आले की विवाहाची नोंदणीच झालेली नाही. मंगल कार्यालय झाले, आठशे पानांची पंगत झाली, सर्व विधी झाले. १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाने नोंदणीसाठी दिलेले ९० दिवस मात्र अभ्यासाच्या काळात उलटून गेले होते. विलंबाचे कारण लिहून द्या, तीन साक्षीदार आणा, लग्नपत्रिका आणा, विधी लावणाऱ्या पंडितजींची सही आणा. पंडितजी चातुर्मासानिमित्त दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले. संबंधित कार्यालयातील कर्मचारी आधी प्रशिक्षणाला, नंतर निवडणुकीच्या कामाला. ऑगस्ट संपला आणि प्रमाणपत्र हाती आले. त्यावर पतीचे आडनाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे, म्हणजे गोत्राचे, आणि आधारवर 'जैन'. विसंगती सुटली नाही. तिच्यात आणखी एका नावाची भर पडली.

या टप्प्यावर ती मंडळी माझ्याकडे आली. फाइल पाहिल्यावर मी त्यांना एवढेच विचारले की मुलीला व्यवसायात कोणते नाव हवे आहे. हा प्रश्न तोवर कुणी तिला विचारलाच नव्हता. ती म्हणाली, ज्या नावाने परीक्षा दिली त्याच नावाने सही करायची आहे. सासरे क्षणभर थांबले, मग म्हणाले, "हरकत काय आहे? नाव तिच्या बापाने दिलं, अभ्यास तिने केला." त्यांच्या या एका वाक्याने काम निम्मे झाले. राजपत्रात जाहिरात देऊन सर्व कागद नव्या नावावर नेण्यापेक्षा आधार पुन्हा माहेरच्या नावावर आणणे सोपे होते, कारण पॅन आणि गुणपत्रिका त्याच नावाच्या होत्या. मात्र यात एक मेख आहे, ती वाचकांनी लक्षात ठेवावी. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. एक संधी लग्नानंतरच्या घाईत वाया गेली होती; दुसरी आता वापरली. यापुढे बदल करायचा तर विशेष कारण देऊन विभागीय कार्यालयाकडे विनंती करावी लागेल.

आधार बदलून येईपर्यंत सप्टेंबरचा मध्य आला. आणि येथेच या गोष्टीचा खरा पेच आहे.

मोंढ्यातील अकरा घरांचे हिशेब तिने ऑगस्टपासूनच तपासायला घेतले होते. रोजकीर्द, खतावणी, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे उतारे, सगळे जुळवून ठेवले होते. उरली होती ती फक्त सही. शेजारच्या जिल्ह्यातील एका ज्येष्ठ व्यावसायिकाने निरोप पाठवला की सूनबाईंनी काम पूर्ण करावे, मी माझ्या नावाने सही करतो, यूडीआयएनही माझाच टाकतो, फी अर्धी-अर्धी. पुढच्या वर्षी तिची सनद आली की पक्षकार तिचे. सासऱ्यांना ही सूचना व्यवहार्य वाटली. वाटणारच. अकरा घरांना दिलेला शब्द, मोंढ्यातील पत, आणि मुदत जवळ आलेली. शिवाय काम तर खरेच झाले होते. त्यात खोटे आकडे कुठेही नव्हते.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. सनदी लेखापालाने आपल्या नावावर दुसऱ्या व्यक्तीला व्यवसाय करू देणे हे पहिल्या अनुसूचीतील पहिल्याच कलमात गैरवर्तन म्हणून लिहिले आहे. ती व्यक्ती स्वतः प्रमाणपत्रधारक असून भागीदार वा नोकरीत असेल तरच अपवाद. स्वतः न तपासता सही करणे हे दुसऱ्या अनुसूचीखाली निष्काळजीपणाचे गैरवर्तन ठरते. त्या गृहस्थांनी तिला आपल्या कार्यालयात रीतसर नोकरीस घेऊन, स्वतः वह्या तपासून, आपल्या जबाबदारीवर सही केली असती तर ते पूर्ण नियमात बसले असते. मी तसे सुचवले. एवढ्या वह्या तपासायला आपल्याला हंगामात वेळ नाही, असे त्यांचे उत्तर आले. म्हणजे सही विकत मिळत होती, तपासणी नव्हे.

त्या वर्षी दशलक्षण पर्व ८ ते १७ सप्टेंबर असे होते. वाचकांना ठाऊकच आहे, या दहा दिवसांत रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचे वाचन होते. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रते आणि त्यांचे अतिचार यांचा. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत आचार्य उमास्वामींनी 'कूटलेखक्रिया' असा एक अतिचार सांगितला आहे. खोटा लेख करणे, दुसऱ्याच्या नावाचा वा न घडलेल्या गोष्टीचा दस्तऐवज करणे, असा त्याचा अर्थ टीकाकार देतात. मी वर्षानुवर्षे हा अध्याय ऐकत आलो आहे आणि दरवर्षी मनात येते की इतक्या प्राचीन ग्रंथाला लेखी खोटेपणाचा स्वतंत्र उल्लेख का करावासा वाटला असेल. समोर बसलेला श्रावक व्यापारी होता, हे त्याचे उत्तर असावे. त्या दिवशी ती मुलगी आणि तिचे सासरे दोघेही मंदिरात होते. घरी कोणती चर्चा झाली ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा फोन आला: "अकरा जणांना मी स्वतः जाऊन सांगून येतो, दुसरीकडे द्या म्हणून."

ते सोपे नव्हते. ज्यांच्याकडे जुलैमध्ये पेढे घेऊन गेले, त्यांच्याकडे सप्टेंबरमध्ये हात जोडून जावे लागले. हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यात नवे लेखापाल कोण घेणार? दोघा व्यापाऱ्यांना चांगलीच धावपळ करावी लागली आणि त्यांनी ती बोलून दाखवली. शासनाने मुदत आठवडाभर वाढवून ७ ऑक्टोबर केली, तरी उपयोग झाला नाही. मुलीचे सदस्यत्व आणि प्रमाणपत्र त्यानंतरच्या आठवड्यात आले. अकरांपैकी चार घरे पुढच्या हंगामात तिच्याकडे आली. उरलेली सात जिथे गेली तिथेच आहेत, आणि त्यांनी तसे करावे यात गैर काही नाही.

आता विलंबाविषयी. तो केवळ कार्यालयांमुळे होतो असे म्हणणे सोपे आहे, आणि पूर्ण खरे नाही. पण पूर्ण खोटेही नाही. कोणत्याही छाननीच्या व्यवस्थेत एक दोष हमखास आढळतो: त्रुटी एकेक करून कळवल्या जातात. पहिल्या आक्षेपाची पूर्तता केली की फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते आणि मग दुसरा आक्षेप निघतो. बँकेत कर्जमंजुरीच्या वेळी आम्ही शाखांना सतत बजावत असू की अर्ज एकदाच पूर्ण वाचा आणि सर्व त्रुटी एकाच पत्रात कळवा. ते पाळले गेले तिथे महिन्याचे काम आठवड्यात होत असे. लाखो सदस्य आणि त्याहून अधिक विद्यार्थी सांभाळणाऱ्या कोणत्याही संस्थेने हा एक नियम कसोशीने पाळला तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत, असे माझे मत आहे. पूर्वी साक्षांकित प्रती आणि मुंबईवर काढलेला डिमांड ड्राफ्ट टपालाने जात असे. आज स्वयंसाक्षांकित कागद पोर्टलवर चढवता येतात. प्रवासाचा काळ वाचला, रांगेचा काळ तेवढाच राहिला.

अर्जदाराच्या हाती काय आहे? पुष्कळ काही आहे, फक्त ते निकालानंतर नव्हे तर निकालाच्या कितीतरी आधी. ज्या घरातील मूल आज फाउंडेशनला बसणार आहे त्या घराने आजच दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. अक्षर न् अक्षर. आपल्या राज्याच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर क्रम उलटा असतो. वडिलांच्या नावात कुठे 'लाल' असतो, कुठे 'चंद' असतो, कुठे 'कुमार' गळलेला असतो. नोंदणीच्या वेळी जे नाव लिहिले जाईल तेच पुढे निकालावर, सदस्यत्वावर, डिजिटल स्वाक्षरीवर आणि आयकर पोर्टलवर जाणार आहे. तेथेही लेखापाल म्हणून नोंदणी करताना सदस्य क्रमांक व नोंदणीचा दिनांक द्यावा लागतो आणि डिजिटल स्वाक्षरी पॅनशी जुळावी लागते. प्रमाणपत्र आले म्हणजे दुसऱ्या दिवशी अहवाल दाखल करता येतो असे नाही. या नोंदण्यांसाठी वेगळे दिवस धरावेत.

आर्टिकलशिप संपताच फॉर्म १०८ भरून घ्यावा. ही गोष्ट मुले नेहमी पुढे ढकलतात. मुख्य लेखापालांचे स्थलांतर होते, फर्म फुटते, कधी त्यांचे निधन होते, आणि मग उमेदवारीचा पुरावा गोळा करता करता नाकी नऊ येतात. मंजुरीपेक्षा जादा रजा झाली असेल तर ते दिवस भरून द्यावे लागतात. तो हिशेब त्याच वेळी मिटवावा. लेकींच्या बाबतीत आणखी एक सांगतो, थोडे स्पष्टच. परीक्षेचा काळ चालू असताना विवाह ठरला तर जरूर करावा, पण विवाहाची नोंदणी पहिल्याच महिन्यात करावी आणि आधार, पॅन, बँक यांतील नाव बदलायचे की नाही हे तिला विचारून, सनद हाती आल्यानंतर ठरवावे. नाव न बदलल्याने सासरचा मान कमी झाल्याचे मी अद्याप कुठे पाहिलेले नाही.

स्वतःची फर्म काढायची असेल तर नावाची मंजुरी फॉर्म ११७ ने आणि फर्मची नोंद फॉर्म १८ ने होते. आधीच्या फर्मशी साधर्म्य असणारे नाव मिळत नाही. येथे आपल्या समाजाची संख्या नसली तरी या व्यवसायातील उपस्थिती आड येते: 'जैन अँड कंपनी', 'जैन असोसिएट्स' ही आणि यांची सर्व भावंडे केव्हाच घेतली गेली आहेत. चार पर्याय लिहून ठेवावेत. घाई असेल तर आधी स्वतःच्या नावानेच व्यवसाय सुरू करता येतो, फर्म मागाहून.

अर्ज अडकला तर फोनवर फोन करण्यापेक्षा लेखी मार्ग बरा. संस्थेचे 'ई-सहायता' नावाचे तक्रार पोर्टल आहे. तेथे तक्रार क्रमांक मिळतो आणि तो जपून ठेवता येतो. संस्था केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, त्यामुळे केंद्र शासनाच्या सार्वजनिक तक्रार निवारण पोर्टलवरही दाद मागता येते. माहितीचा अधिकार तिला लागू आहे. परीक्षेविषयीची कोणती माहिती द्यावी व कोणती नाही, हा वाद २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दहा रुपये शुल्क भरून 'माझ्या अर्जाची सद्यःस्थिती काय आणि तो कोणत्या दिनांकापासून कोणत्या टप्प्यावर आहे' एवढेच विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पत्राची भाषा सौम्य ठेवावी, दिनांक अचूक लिहावेत, आणि एका पत्रात एकच विषय ठेवावा. विवाह नोंदणीसारख्या राज्याच्या सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला न मिळाल्यास त्याखाली अपील करता येते. आपली माणसे 'साहेबांशी ओळख आहे का' हे आधी शोधतात आणि अपिलाचा एक कागद लिहायचे टाळतात. ओळखीपेक्षा पोचपावती जास्त दिवस टिकते.

सनद मिळाल्यावर एक तारीख मात्र घरातील सर्वांनी लक्षात ठेवावी. सदस्यत्वाचे आणि प्रमाणपत्राचे वार्षिक शुल्क १ एप्रिलला देय होते आणि ३० सप्टेंबरपर्यंत भरावे लागते. न भरल्यास १ ऑक्टोबरपासून नाव नोंदवहीतून निघते आणि प्रमाणपत्र रद्द होते. मग पुनर्स्थापनेसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. हंगामाचा शेवटचा दिवस आणि शुल्काचा शेवटचा दिवस एकच असल्याने नवे सदस्य हमखास गाफील राहतात. एप्रिलमध्येच भरून टाकावे.

उमेदवारी सुरू असताना मुख्य लेखापालांचे निधन झाले तर उरलेला काळ कुठे व कसा पूर्ण करावा, असे मानवतच्या एका वाचकांनी पत्राने विचारले आहे. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल. पुढील अंकी तोच विषय घेऊ.